तीस म्हणजे किती वेळ?

(प्रस्तावना)

सर्व्हरच्या सेटिंग-फाइलमध्ये एक ओळ असते: ‘टाइमआउट = ३०’. लिहिणाऱ्याला ती लिहिताना सगळे ठाऊक असते. वर्षभराने फाइल दुसऱ्याच्या हाती जाते आणि तीस काय, हे त्याला कुठेच सापडत नाही. तीस सेकंद असतील, तर पैसे भरण्याच्या पानावर ग्राहक अर्धा मिनिट फिरते चाक बघत बसणार. तीस मिलिसेकंद असतील, तर मुंबईहून निघालेली विनंती अमेरिकेच्या किनाऱ्याला लागण्याआधीच प्रोग्राम वाट पाहणे सोडून देणार. तीस मिनिटे असतील, तर मेलेल्या जोडणीला धरून सर्व्हर अर्धा तास अडकून पडणार. आकडा एकच, वागणूक तीन प्रकारची.

हे पुस्तक त्या एका ओळीविषयी आहे. सॉफ्टवेअरमध्ये कालावधी कसा साठवायचा, एका एककातून दुसऱ्यात कसा न्यायचा आणि शेवटी माणसासमोर कसा मांडायचा, एवढाच त्याचा विषय. क्षण आणि कालावधी यांत आपण सुरुवातीपासूनच फरक करू. १५ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र हा क्षण. परीक्षेचे तीन तास हा कालावधी. तारीख-वेळ हाताळणे अवघड असते हे आता बहुतेक प्रोग्रामरना माहीत आहे, त्यामुळे तिथे ते सावध असतात. कालावधी मात्र सोपा वाटतो. साठ सेकंदांचे मिनिट, साठ मिनिटांचा तास, चोवीस तासांचा दिवस. हे कोष्टक प्राथमिक शाळेतच पाठ झालेले असते. त्या ओळखीमुळेच इथे कुणी थांबून विचार करत नाही.

पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे एकच म्हणणे आहे. कालावधी नुसता आकडा कधीच नसतो. त्याला एकक असते, तो किती बारीक मोजला आहे याची मर्यादा असते, आणि तो घड्याळाचा आहे की पंचांगाचा, हेही त्याच्यासोबत असते. यातले काही वाटेत गळून पडले, तर ते पुढे गणिताने परत मिळत नाही.

आधी एककांचे पाहू. सी भाषेत ‘स्लीप’ला सेकंद द्यायचे, ‘यूस्लीप’ला मायक्रोसेकंद, ‘पोल’ला मिलिसेकंद. जावास्क्रिप्टचे ‘सेटटाइमआउट’ मिलिसेकंद मागते, पायथनचे ‘स्लीप’ सेकंद. गो भाषेत ‘टाइम.स्लीप(५)’ असे लिहिले तर ते निमूटपणे स्वीकारले जाते आणि प्रोग्राम पाच नॅनोसेकंद थांबतो, म्हणजे व्यवहारात थांबतच नाही. प्रत्येक निवडीमागे त्या त्या काळची आणि कामाची कारणे आहेत. मी त्यांना दोष देत नाही. पण आजचा एखादा साधा व्यवहारसुद्धा चार भाषांतल्या सहा प्रणालींमधून जातो, आणि प्रत्येक उंबरठ्यावर आकडा पुढे जातो, एकक मागे राहते.

सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यातली गल्लत सगळ्यांत जास्त वेळा होते. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे १ जानेवारी १९७० पासून सरलेले सेकंद मोजतात. जावास्क्रिप्ट त्याच दिवसापासून मिलिसेकंद मोजते. म्हणजे ज्याला आपण क्षण म्हणतो, तोही यंत्राच्या पोटात कालावधीच असतो. १,७०,००,००,००० हा आकडा सेकंदांचा मानला तर नोव्हेंबर २०२३ येतो, मिलिसेकंदांचा मानला तर २० जानेवारी १९७०. एखाद्या बिलावर किंवा पावतीवर जानेवारी १९७० ची तारीख दिसली, की आत काय घडले असेल ते ओळखता येते. उलट दिशेची चूक जास्त धोक्याची आहे, कारण ती दिसत नाही. लॉगिनच्या टोकनची मुदत सेकंदांत लिहायची असते. तिथे मिलिसेकंद टाकले तर तासाभरात संपायला हवे असलेले टोकन हजारो वर्षे चालत राहते. त्या टोकनाच्या जोरावर कुणी आत शिरेपर्यंत कुठलाही त्रुटी-संदेश येत नाही.

यावरचा पहिला उपाय साधा आहे: नावातच एकक लिहा. ‘टाइमआउट’ ऐवजी ‘टाइमआउट_मिलिसेकंद’. दुसरा उपाय अधिक पक्का आहे: कालावधीला स्वतःचा प्रकार द्या, म्हणजे नुसता पूर्णांक तिथे चालणारच नाही. सी++ ने २०११ मध्ये ‘क्रोनो’ ग्रंथालय आणून हे केले, आणि त्यातली एक सूक्ष्म गोष्ट मला फार मोलाची वाटते. सेकंदांचे मिलिसेकंद करताना काहीच हरवत नाही, म्हणून ते रूपांतर आपोआप होऊ दिले जाते. मिलिसेकंदांचे पूर्ण सेकंद करताना मागचा तुकडा गळतो, म्हणून ते रूपांतर लिहिणाऱ्याला स्पष्ट शब्दांत मागावे लागते. काही गमवायचे असेल तर त्यावर माणसाची सही हवी, हा त्या रचनेचा नियम. पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणाचा तोच पाया आहे.

तुकडा गळण्याची गोष्ट क्षुल्लक नाही. मिनिटाच्या पल्सवर मोबाइलचे बिल लागायचे तेव्हा ६१ सेकंदांच्या बोलण्याला दोन मिनिटांचे पैसे पडत. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर आकारणी सुरू केली आणि बाकीच्या कंपन्यांना मागोमाग यावे लागले. वर न्यायचे की खाली सोडायचे, प्रत्येक कॉलला न्यायचे की महिन्याच्या एकूण बेरजेला, या निर्णयांवर लोकांच्या खिशातले पैसे अवलंबून असतात. प्रोग्राममध्ये हा निर्णय बहुधा भागाकाराच्या एका चिन्हात दडलेला असतो आणि तो कुणी घेतला, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता बारकाईच्या मर्यादेकडे. इथे एक घटना सविस्तर सांगायलाच हवी. सौदी अरेबियातील धाहरान येथे २५ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासस्थानावर पडले आणि २८ सैनिक मारले गेले. ते रोखण्यासाठी जवळच पेट्रियट यंत्रणा तैनात होती. तिने ते रोखण्याचा प्रयत्नही केला नाही.

पेट्रियटचा संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ दशांश सेकंदांत मोजत असे. हा मोजलेला पूर्णांक अगदी अचूक होता. पण आकडेमोडीसाठी सेकंद लागत, म्हणून त्याला एक दशांशाने गुणले जाई. एक दशांश हा अपूर्णांक दशमान पद्धतीत ०.१ असा चटकन लिहिता येतो. द्विमान पद्धतीत तो कधीच संपत नाही, जसा आपल्याकडे एक तृतीयांश संपत नाही. २४ बिटांच्या जागेत तो तोडून बसवला होता. तोडलेला भाग एका सेकंदाच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही लहान होता. यंत्र आठ तास चालल्यावर एकूण चूक ०.०२७५ सेकंद भरे, शंभर तास चालल्यावर ०.३४३३ सेकंद. त्या दिवशी धाहरानची यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ अखंड सुरू होती. स्कड एका सेकंदात दीड किलोमीटरहून जास्त अंतर कापते. एक तृतीयांश सेकंदाच्या चुकीमुळे, ते पुढे कुठे दिसेल याचा अंदाज ६८७ मीटरनी सरकला. रडारने चुकीच्या जागी पाहिले, तिथे काही नव्हते, आणि यंत्रणेने लक्ष्य सोडून दिले.

ही हकीकत बरेचदा इथेच संपवली जाते आणि दोष बिटांना दिला जातो. मला त्याच्या पुढच्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की अंदाजासाठी एकमेकींतून वजा होणाऱ्या दोन्ही वेळा सारख्याच चुकीने मोजल्या असत्या, तर वजाबाकीत चूक जवळपास निघून गेली असती. पण रूपांतराची सुधारलेली पद्धत प्रोग्राममध्ये काही ठिकाणी घातली होती आणि काही ठिकाणी राहून गेली होती. एक वेळ जुन्या रीतीने मोजलेली, दुसरी नव्या रीतीने. त्यांच्या फरकात चूक तशीच उरली. अर्धवट दुरुस्तीने मूळ दोष अधिक घातक झाला.

दुसरी गोष्ट माणसांच्या निरोपाची. इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच आकडेवारी देऊन कळवले होते, की यंत्र आठ तास चालले तरी अंदाज घसरू लागतो. नवे सॉफ्टवेअर १६ तारखेला तयार झाले. ते वाटेत असताना, २१ तारखेला, तुकड्यांना एक सूचना गेली: फार जास्त काळ यंत्र चालू ठेवल्यास लक्ष्याचा अंदाज सरकू शकतो. फार जास्त म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलेले नव्हते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले असते तर मोजणी शून्यापासून सुरू झाली असती, आणि त्याला जेमतेम एखादे मिनिट लागले असते. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचले २६ फेब्रुवारीला. यंत्राच्या आत वेळ दर दशांश सेकंदाला एका सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या हिश्शाने चुकत होती. त्या निरोपात कालावधीला आकडाच नव्हता. मी या दोन चुका एकाच जातीच्या मानतो, आणि म्हणून या पुस्तकात लॉग, सूचना आणि दस्तऐवज यांत कालावधी कसा लिहावा यालाही स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

जागा अपुरी पडण्याचा दुसरा प्रकार म्हणजे मोजणी भरून वाहणे. ३२ बिटांत मिलिसेकंद मोजले तर ४९.७ दिवसांत आकडा संपतो. विंडोज ९५ इतके दिवस न थांबता चालले तर याच कारणाने गोठत असे. चिन्हासह ३२ बिटांत शतांश सेकंद मोजले तर २४८ दिवस मिळतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला, कारण सलग २४८ दिवस वीजपुरवठा चालू राहिल्यास जनित्रांच्या नियंत्रकांमधला एक मोजक भरून वाहील आणि सगळी जनित्रे एकाच वेळी बंद होऊ शकतील, असे चाचणीत आढळले होते. उपाय होता ठरावीक मुदतीने वीज बंद करून पुन्हा सुरू करणे. जावास्क्रिप्टमध्ये तीस दिवसांनी वाजणारी आठवण ‘सेटटाइमआउट’ने लावली तर ती लगेचच वाजते, कारण तीस दिवसांचे मिलिसेकंद २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे जातात.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अर्डुइनोचा लहान बोर्ड जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून जातो. त्यावर एक मिनिट थांबण्यासाठी मुले ‘डिले(६० * १०००)’ असे लिहितात. त्या बोर्डावरचा साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही. गुणाकार होतो उणे ५,५३६. ‘डिले’ला ऋण संख्या माहीत नाही, ते तिला प्रचंड मोठी धन संख्या समजते, आणि एका मिनिटाची विश्रांती जवळपास पन्नास दिवसांची होते. विद्यार्थ्याला वाटते बोर्ड बिघडला. या पुस्तकातला पहिला प्रयोग हाच आहे, कारण थोड्या खर्चात, टेबलावर, डोळ्यांसमोर रूपांतर फसताना पाहता येते.

इथवरच्या सगळ्या अडचणी जागेच्या आणि एककांच्या होत्या. काळजी घेतली, मोठे प्रकार वापरले, की त्या सुटतात. पुढची अडचण तशी सुटत नाही, कारण ती यंत्राची नाहीच.

मराठी घरात ज्याने जुने पंचांग उघडून पाहिले आहे, त्याला हा मुद्दा समजवावा लागणार नाही. घटी म्हणजे २४ मिनिटे, पळ म्हणजे २४ सेकंद. साठ पळांची घटी, साठ घटींचा दिवस. ही मापे स्थिर आहेत. तिथीचे तसे नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की तिथी पुरी होते, आणि चंद्राची गती सारखी नसल्यामुळे एखादी तिथी वीस तासांच्या आसपास संपते, एखादी सव्वीस तासांहूनही लांबते. सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपली तर तिचा क्षय. दोन सूर्योदय पाहिले तर तिची वृद्धी. पंचांगकर्ते तिथी किती घटी-पळांनी संपते हे रोजच्या रोज छापत. ‘एक तिथी म्हणजे इतक्या घटी’ असे कायमचे कोष्टक त्यांनी कधी दिले नाही, कारण तसे कोष्टक असूच शकत नाही. दोन प्रकारचे कालावधी शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, ही शिस्त त्या स्तंभांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे.

संगणकातही नेमके हेच दोन प्रकार आहेत. सेकंद, मिलिसेकंद, नॅनोसेकंद हे घड्याळाचे. महिना, वर्ष आणि, अनेकांना पटत नाही तरी, दिवस हा पंचांगाचा. जावाने २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत नवे काल-ग्रंथालय आणले तेव्हा या दोहोंना दोन वेगळे प्रकार दिले: सेकंद-नॅनोसेकंदांसाठी ‘ड्युरेशन’, वर्ष-महिना-दिवसांसाठी ‘पीरियड’. पोस्टग्रेस डेटाबेस ‘इंटरव्हल’ साठवताना महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद हे तीन आकडे वेगवेगळे ठेवतो आणि गरज पडेपर्यंत त्यांना एकत्र करत नाही. गो भाषेने तास दिला पण दिवस हे एकक मुद्दामच दिले नाही. नव्या प्रोग्रामरना ही अडवणूक वाटते. मला ती सचोटी वाटते.

दिवस नेहमीच चोवीस तासांचा नसतो, हे भारतात राहून पटणे कठीण आहे. आपली प्रमाणवेळ वर्षभर बदलत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाशी दर रविवारी बोलणाऱ्या पुण्यातल्या आईला मात्र ते ठाऊक असते, कारण वेळेतला फरक मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ तासांचा असतो आणि उरलेल्या महिन्यांत साडेदहा तासांचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी दिवस २३ तासांचा होतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी २५ तासांचा. रक्तदाबाच्या गोळीची आठवण ‘दर २४ तासांनी’ अशी लावली असेल तर नोव्हेंबरात ती सकाळी आठऐवजी सातला वाजेल. ‘रोज सकाळी आठला’ अशी लावली असेल तर आठलाच वाजेल, पण दोन गोळ्यांत २५ तास जातील. दोन्ही बरोबर असू शकते. कोणते बरोबर, हे डॉक्टरला विचारून ठरवायचे, लायब्ररीला विचारून नव्हे.

आपल्याकडेही असे दिवस येऊन गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना जाणते ज्योतिषी एक तास वजा करतात. मुंबईची तर स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही ती शहरात कित्येक दशके टिकली. संगणकांच्या कालविभाग-कोशात आज भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. तीत युद्धकाळाचा तास सापडतो, मुंबईची ३९ मिनिटे सापडत नाहीत. जुन्या नोंदवहीतल्या दोन वेळांमधले अंतर काढायचे असेल, तर ती वही कुठल्या घड्याळाकडे पाहून लिहिली हे इतिहासातूनच काढावे लागेल.

महिन्याचा गुंता त्याहून रोजचा आहे. ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवा. जावा २८ फेब्रुवारी देते. जावास्क्रिप्टमध्ये महिन्याचा आकडा एकने वाढवला तर ३ मार्च येतो. त्या २८ फेब्रुवारीत आणखी एक महिना मिळवला तर २८ मार्च; पण मूळ तारखेत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलते, असे हे अंकगणित आहे. कर्जाचे हप्ते महिन्यामागून महिना मोजत गेले तर ३१ तारखेचा हप्ता फेब्रुवारीत २८ वर येतो आणि पुढे तिथेच राहतो.

वर्षाचेही तसेच. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे वर्ष चारने भाग जात असूनही लीप नव्हते, त्यामुळे त्यांच्या जन्मतारखेचा पहिला दिवस थेट १९०४ मध्ये उगवला. मधल्या काळात ते चार वर्षांचे कोणत्या दिवशी झाले? २८ फेब्रुवारीला की १ मार्चला? शाळाप्रवेश, मतदान, विमा, निवृत्ती, सगळीकडे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्या त्या कायद्यात किंवा नियमात शोधायचे असते. व्याजाच्या जगात तर उत्तरे आधीच ठरवून ठेवली आहेत, फक्त ती एकसारखी नाहीत: भारत सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर व्याज मोजताना महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात, तर ट्रेझरी बिलांसाठी प्रत्यक्ष दिवस आणि ३६५ दिवसांचे वर्ष. नियम लिहून ठेवला आहे म्हणून तिथे भांडण होत नाही. सर्व्हरच्या दुनियेत तसे नाही. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये महिना ३० दिवसांचा आहे, सिस्टमडीमध्ये ३०.४४ दिवसांचा, आणि दोन्हीकडे लहान ‘एम’ म्हणजे मिनिट, मोठा ‘एम’ म्हणजे महिना.

कालावधी मोजायचा कशाने, हाही प्रश्न आहे. भिंतीवरच्या घड्याळात आधीची आणि नंतरची वेळ पाहून वजाबाकी करावी, हे स्वाभाविक वाटते. पण संगणकाचे भिंतीवरचे घड्याळ नेटवर्कवरून सतत दुरुस्त होत असते आणि कधी कधी मागेही जाते. ३१ डिसेंबर २०१६ च्या शेवटी जागतिक वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. भारतात तेव्हा १ जानेवारीची पहाट होती, साडेपाच वाजता. त्या क्षणी क्लाउडफ्लेअरच्या काही सर्व्हरवर, संदेश जाऊन उत्तर परत येईपर्यंतचा कालावधी ऋण निघाला. ऋण कालावधी असू शकतो असे प्रोग्राममध्ये कुणी गृहीत धरलेच नव्हते. तो आकडा पुढे यादृच्छिक संख्या काढणाऱ्या फंक्शनकडे गेला आणि प्रोग्राम कोसळला. २०१७ मध्येच गो भाषेच्या १.९ आवृत्तीत वेळेच्या नोंदीसोबत फक्त पुढेच जाणाऱ्या घड्याळाची नोंदही आपोआप ठेवली जाऊ लागली. असे घड्याळ आता जवळपास प्रत्येक प्रणालीत असते. ते किती वाजले हे सांगत नाही, किती वेळ गेला हे सांगते, आणि कालावधीसाठी तेच वापरायचे. १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले. २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवण्याचा निर्णय वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये घेतला आहे. घड्याळे मागे जाण्याची बाकीची कारणे तरीही राहतीलच.

राहिला कालावधी दाखवण्याचा भाग. कारखान्याच्या हजेरीचा हिशेब आजही मोठ्या प्रमाणावर एक्सेलवर चालतो, आणि एक्सेल वेळेला दिवसाचा अपूर्णांक मानते: सहा तास म्हणजे ०.२५. रोज साडेआठ तास, आठवड्याचे सहा दिवस, यांची बेरीज ५१ तास. पण साध्या स्वरूपात बेरजेची पेटी (सेल) ‘३:००’ दाखवते, कारण दोन पूर्ण दिवस तिने वेगळे काढून ठेवलेले असतात. तासांना चौकोनी कंस घातला की ५१ दिसू लागतात. रात्री दहाला आत आणि सकाळी सहाला बाहेर, अशा रात्रपाळीची सरळ वजाबाकी केली तर ऋण उत्तर येते आणि पेटीभर फक्त चौकटीची चिन्हे उमटतात. ओव्हरटाइमचे पैसे याच पेट्यांवरून निघतात. चाकणला किंवा बुटीबोरीला रात्रपाळी करणाऱ्या माणसाने पेटीतल्या स्वरूपाची माहिती ठेवावी अशी अपेक्षा करता येत नाही. ती ज्याने पत्रक बनवले त्याची जबाबदारी आहे.

पायथनमध्ये उणे एक सेकंद छापला तर ‘उणे एक दिवस, २३:५९:५९’ असे दिसते. गणित बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला ते सांगणे क्रूर आहे. १ तास ५९ मिनिटे ५९.६ सेकंद यातले सेकंद शेवटी पूर्ण केले तर ‘१:५९:६०’ होते. आधी पूर्ण करून मग तुकडे पाडले तर ‘२:००:००’. यंत्रांनी आपसात बोलण्यासाठी आयएसओ ८६०१ हे मानक आहे. त्यात कालावधी ‘पी’ने सुरू होतो आणि घड्याळाचा भाग ‘टी’नंतर येतो, म्हणून ‘पी१एम’ एक महिना आणि ‘पीटी१एम’ एक मिनिट. दिसायला रुक्ष आहे, पण घड्याळ आणि पंचांग यांच्यामध्ये तिथे एक स्पष्ट खूण आहे.

मराठी वापरकर्त्यासाठी आणखी एक काम उरते. बऱ्याच ॲपमध्ये ‘२ तास पूर्वी’ असे दिसते, कारण आकडा, एकक आणि शब्द इंग्रजीच्या बेताने एकापुढे एक चिकटवलेले असतात. मराठीत ‘२ तासांपूर्वी’, ‘१ तासापूर्वी’, ‘३ मिनिटांनी’ असे एककाचेच रूप बदलते. आणि नव्वद मिनिटांना आपण दीड तास म्हणतो, पंचाहत्तरला सव्वा, एकशे पाचला पावणेदोन. बोलून वेळ सांगणाऱ्या यंत्राने ‘एक तास पंचेचाळीस मिनिटे’ म्हटले तर समजते, पण दवाखान्यात नंबर किती वेळाने येईल हे ऐकणाऱ्या आजींना ‘पावणेदोन तासांनी’ हे लवकर उमजते. मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी हे आग्रहाने करावे असे मला वाटते. त्यासाठीची कोष्टके परिशिष्टात दिली आहेत.

शेवटचे प्रकरण तपासण्यांचे आहे. चिन्हासह ३२ बिटांत १९७० पासूनचे सेकंद मोजणाऱ्या प्रणालींचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपतो. पण कालावधी भविष्यात हात घालतो, म्हणून ही अडचण त्या सकाळची वाट पाहत नाही: २०१८ मध्ये दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता काढतानाच प्रणाली त्या सीमेपलीकडे गेलेली असते. ज्यांच्या हाती चालू प्रणाली आहे त्यांनी हेच प्रकरण आधी वाचावे. ३१ जानेवारी अधिक एक महिना, २९ फेब्रुवारीचा जन्म, न्यू जर्सीचा नोव्हेंबरातला रविवार, रात्री दहा ते सकाळी सहा, पन्नास दिवस न थांबलेले यंत्र, उणे एक सेकंद आणि वीस वर्षांची मुदत, एवढी उदाहरणे आपल्या प्रणालीवर चालवून पाहावीत, प्रत्येकाचे उत्तर कागदावर लिहावे, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे यावे.